दोन सूर्यांचा फोटो

"डाग पूर्ण जाईल ना?" दिगंबर गरडांनी पुन्हा एकदा विचारलं, आणि बिराजदार अण्णांनी पुन्हा एकदा तेच उत्तर दिलं. "गरडसाहेब, डाग होता हे तुम्हीच विसराल."

डाग जिच्या गालावर होता ती त्यांची मुलगी यमुना स्टुलावर बसून मागच्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर बर्फाचा डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी, का कोण जाणे, नारळाची झाडं. डाग डाव्या गालावर, डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत उतरलेला; भाजल्याचा, जुना, कडेला थोडा उचललेला.

"ताई, किती वेळ लागतो याला?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, अर्धा तास.

"अर्धाच? लातूरचे डॉक्टर म्हणाले होते, जन्मभर जायचा नाही."

अण्णा मोठ्यानं हसले. डॉक्टरांकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणाले.

मी त्या वर्षी बी.एस्सी. होऊन बसले होते. एम.एस्सी.ला नंबर लागला नव्हता, पुढच्या वर्षापर्यंत काहीतरी करायचं म्हणून आमच्या तालुक्याच्या गावातल्या 'रूपमती फोटो स्टुडिओ'त लागले. अण्णांनी मला घेतलं त्यामागे तर्क होता. पदार्थविज्ञानात प्रकाशाचा धडा असतो, फोटो म्हणजे प्रकाशच, तेव्हा ही पोरगी चालेल. मला त्या तर्कात चूक काढता आली नाही. अण्णांनी कॉम्प्युटर नुकताच आणला होता आणि तो सुरू करण्याआधी ते त्याला हात लावून कपाळाला लावायचे. बटण मात्र मीच दाबायचं.

अण्णांचे धंदे दोन. पुढच्या खोलीत फोटो, मागच्या खोलीत स्थळं. मुलीचा फोटो ज्यानं काढायचा त्यानंच तो मुलाकडे पाठवायचा, म्हणजे जबाबदारी एकाच माणसावर राहते, असं ते म्हणत. आमच्याकडून गेलेली एकही मुलगी फोटोत सावळी नव्हती. एकीच्याही नाकाला बाक नव्हता, पुढे आलेला दात नव्हता, कपाळ मोठं नव्हतं. शोकेसमध्ये वीसेक मुली ओळीनं लावल्या होत्या. त्यांच्या आया रस्त्यावरून जाताना काचेसमोर थांबत आणि आपली कोणती ते जरा वेळ शोधत.

यमुनाचं काम मी तसंच केलं. निरोगी उजवा गाल उचलला, आरशात दिसतो तसा उलटा केला आणि डाव्या बाजूला बसवला. कडा घासून एकजीव केल्या. अर्ध्या तासात जन्मभराचं काम झालं.

दोन दिवसांनी बापलेक फोटो न्यायला आले. गरड एस.टी.त कंडक्टर होते, ड्यूटीवरून थेट आलेले, खांद्याला चामडी पिशवी तशीच. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्याचाच फोटो काढायला हवा होता. "एकदम आपली यमुना," ते म्हणाले.

यमुनानं त्यांच्या हातातून फोटो घेतला. बराच वेळ बघितला. मग काउंटरवर माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाली, "ताई, उजेड कुठून आलाय?"

मला प्रश्न कळला नाही.

"म्हणजे बघा की. या गालावर उजेड उजवीकडून पडलाय. आणि या गालावर डावीकडून. नाकाची सावली मात्र एकाच बाजूला. मी फोटो काढताना दोन सूर्य होते का?"

पाच महिने मी हे काम करत होते. पाच महिन्यांत शेकडो लोकांनी ते फोटो पाहिले होते, त्यांत दोन शाळांचे मुख्याध्यापक होते, एक नेत्रतज्ज्ञ होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलाही पडला नव्हता, आणि माझ्याकडे तर प्रकाशाची पदवी होती. मी म्हटलं, चूक आहे, दुरुस्त करून देते.

"राहू द्या. मुलीच्या फोटोत सावली कोण बघतंय," ती म्हणाली.

गरडांनी फोटो पिशवीत तिकिटांच्या ट्रेशेजारी ठेवला. त्यांना पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं. थोरला मुलगा भास्कर पुण्याला कारखान्यात होता. वडिलांशी तो फारसा बोलत नसे. गरडांची बायको मागंच वारली होती. यमुनाचं वय चोवीसच्या पुढं गेलं होतं आणि आधीची सगळी स्थळं उंबऱ्यापर्यंत येऊन, चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून गेली होती. या वेळी नाही जमलं तर पुढं काय, हे गरड कुणाला बोलून दाखवत नसत. फक्त डाग पूर्ण जाईल ना, असं विचारत.

फोटोची एक प्रत बीडकडच्या टेकाळ्यांकडे गेली. मुलगा विक्रांत, पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनिअर. दिसायला असा की अण्णांनी त्याच्या फोटोला हातही लावला नाही. इतकंच नव्हे, तो आला तेव्हा मला बोलावून दाखवला, जसं सोनार दुसऱ्या सोनाराला अस्सल नग दाखवतो. टेकाळ्यांचा निरोप चार दिवसांत आला. मुलगी फोटोवरून पसंत, रविवारी बघायला येतो.

आता इथून पुढचं काम अण्णा स्वतः करत. फोटोतली मुलगी आणि घरातली मुलगी यांच्यात जे अंतर पडतं ते उजेडानं भरून काढायचं, हे त्यांचं शास्त्र होतं. शनिवारी मला घेऊन ते गरडांकडे गेले. बसस्थानकामागं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पश्चिमेला एक खिडकी. अण्णांनी खिडकी घट्ट लावायला लावली आणि तिच्यावर कापड दुकानाचं कॅलेंडर टांगलं. पांढरी ट्यूब काढून टाकली, उजव्या भिंतीवर पिवळा बल्ब लावला. मुलीची खुर्ची अशी ठेवली की तिचं तोंड पाहुण्यांकडे, उजवा गाल बल्बाकडे आणि डावा गाल बंद खिडकीच्या बाजूला, सावलीत. मी खुर्चीवर बसले, अण्णा पाहुण्यांच्या जागी बसले आणि डोळे बारीक करून मला म्हणाले, "तू सुद्धा खपशील, सुचेता."

विजेचंही त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसांत भारनियमन होतं. रविवारी चारनंतर वीज जायची. पाहुण्यांना दोनला बोलावलं होतं. चहा, पोहे, प्रश्न, सगळं धरून साडेतीनला सुपारी फुटायला हरकत नव्हती. हिशोबात चूक नव्हती. पण गावात शिरताना विक्रांतरावांना रस्त्याची धूळ चेहऱ्यावर बसल्यासारखी वाटली. त्यांनी गाडी सलूनपाशी थांबवली. दाढी, मग फेशियल, मग केस. टेकाळे कुटुंब साडेतीनला घरात आलं आणि विक्रांतरावांच्या पाठोपाठ खोलीत गुलाबाच्या क्रीमचा वास आला.

तिघंच आले होते. वडील बळवंतराव, आई शकुंतलाबाई आणि मुलगा. बळवंतरावांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं की आम्ही रूप बघणारी माणसं नाही. रूप आज आहे, उद्या नाही. माणसाचं अंतरंग बघावं, संस्कार बघावेत. ते हे बोलत होते तेव्हा शकुंतलाबाई यमुनाला दारापर्यंत चालून परत यायला सांगत होत्या. मग केस सोडायला सांगितले. केस सगळे स्वतःचेच ना, असं विचारलं. चष्मा नाही ना लागलेला? दात सगळे? बळवंतराव मधेच म्हणाले, "विचारू द्या हो, बायकांची हौस असते. आपण आपलं मन बघायचं." आणि वाकून यमुनाच्या पायांकडे बघून घेतलं.

विक्रांत काही बोलला नाही. भिंतीवरच्या आरशाच्या टप्प्यात बसला होता, एवढंच.

यमुनानं काय शिकलीस याचं उत्तर दिलं, स्वयंपाक येतो का याचं दिलं. शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. अण्णांनी माझ्याकडे बघून पापणी लववली. आणि वीज गेली.

खोली काळी झाली. "काय हे," बळवंतराव म्हणाले, "ती खिडकी उघडा की." अण्णा म्हणाले, खिडकी अडकते, जुनी आहे, मी बाहेरून मेणबत्ती आणतो. पण विक्रांतला उकडत होतं आणि चेहऱ्यावर नवीन क्रीम होतं. तो पहिल्यांदाच जागेवरून उठला, त्यानं कॅलेंडर काढलं आणि खिडकीचं दार ढकललं. खिडकी अडकत नव्हती.

चारचा सूर्य तिरपा आत आला. तिरप्या उजेडाचा एक गुण आहे. समोरून पडलेला उजेड सगळं सपाट करून टाकतो. तिरपा प्रत्येक उंचवट्याला सावली देतो. म्हणून चंद्रावरचे खड्डे पौर्णिमेला दिसत नाहीत, अष्टमीला दिसतात. यमुनाच्या डाव्या गालावरचा डाग त्या उन्हात, कडेच्या प्रत्येक सुरकुतीसकट, उठून उभा राहिला. तिनं मान वळवली नाही. खरं तर, किंचित उन्हाकडेच केली.

मग शकुंतलाबाईंनी पर्समधून फोटो काढला, एकदा फोटोकडे, एकदा मुलीकडे पाहिलं.

"हे फोटोत नव्हतं."

गरड उभे राहिले. कंडक्टर उभा असतो तसे, एक हात वर, जणू दांडी धरली आहे. "त्याचं असं आहे," ते म्हणाले.

"असं कसं असतंय?" बळवंतराव म्हणाले. "आम्ही रूप बघत नाही, पण फसवणूक?"

अण्णांना मी पुष्कळदा काम करताना पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरशिवाय काम केलं. ते शांतपणे पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "मीच गरडसाहेबांना म्हणालो होतो, फोटोत डाग ठेवू नका. कारण त्या डागाची गोष्ट मोठी आहे आणि पोरीला ती सांगितलेली आवडत नाही. पण आता विषय निघालाच."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. यमुना नऊ वर्षांची होती. शेजारच्या खोपटाला आग लागली. तिथली बाई शेतात गेलेली, आत झोळीत तिचं तान्हं लेकरू. मोठी माणसं पाणी आणायला धावली, पण आत जायचं धाडस कुणाला होईना. ही नऊ वर्षांची पोर ओली चादर अंगावर घेऊन आत शिरली. बाळाला छातीशी धरून बाहेर आली तेव्हा चादर जळत होती. बाळाला चटका सुद्धा नाही. हिचा गाल मात्र गेला. अण्णा बोलत होते तसा त्यांचा आवाज जड होत गेला; शेवटी तर त्यांनी खरोखर डोळे पुसले. त्यांच्या स्वतःच्या गोष्टीनं त्यांना गहिवरून आलं होतं. कुठल्याही कारागिराला येतं.

"विचारा हिला," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "फिजिक्सची पदवीधर आहे, ही खोटं बोलेल का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी तेव्हा तिथं नव्हते."

हे अगदी खरं होतं. बळवंतरावांनी तो विनय समजला. शकुंतलाबाई उठल्या, यमुनापाशी गेल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "हा डाग नाही गं बाई, दागिना आहे." पाच मिनिटांपूर्वी त्यांनी हिचे दात मोजले होते.

बळवंतराव तर उजळून निघाले. ज्याच्यावर आयुष्यभर बोललो ते अंतरंग एकदाचं प्रत्यक्ष समोर येऊन बसलं, असं त्यांना झालं होतं. त्यांनी मोबाइल काढला. त्यांच्या मोबाइलला रेंज फक्त दारात मिळत होती, तेव्हा ते दारात उभे राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, गावाकडे भावाला सांगू लागले. मुलगी म्हणजे हिरा आहे. जळत्या घरात उडी घेतली तिनं. हो, लेकरू वाचवलं. एक नाही, दोन. मी स्वतः डाग बघितला. रूपाचं काय घेऊन बसलास, आपण गुण बघणारी माणसं.

"सुपारी आजच फोडू," परत आत येऊन ते म्हणाले.

गरड खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तसाच उजेड आला होता, फोटो बघताना आलेला. ते यमुनाकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा काउंटरवरच्या त्या दिवशीसारखा झाला होता. काहीतरी जुळत नाही हे कळलेल्या माणसाचा.

"काका," ती बळवंतरावांना म्हणाली, "एक सांगू का?"

"सांग की, बाळ."

"आग लागली नव्हती. बाळ पण नव्हतं. दिवाळी होती. आई अनारसे तळत होती आणि म्हणाली होती, देवाला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी ओट्यावर चढले आणि कढईतला काढायला गेले. कढई माझ्याच अंगावर आली. आई आली तेव्हा मी सांगितलं, भास्करनं ओढली. भास्करला बाबांनी पट्ट्यानं मारलं."

खोलीत सलूनच्या क्रीमचा वास होता आणि खिडकीतून ऊन.

"म्हणजे," गरड म्हणाले, "कढई भास्करनं नव्हती ओढली?"

सुपारी, सोयरीक, पाहुणे सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मांडीवरचा उजवा हात त्यांनी उलटा केला आणि तळव्याकडे बघत राहिले.

"नव्हती, बाबा."

बळवंतरावांचं अंतरंग एव्हाना आक्रसलं होतं. ते म्हणाले, मुलीला मोठ्यांच्या बोलण्यात बोलायची सवय दिसते. शकुंतलाबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. चोरी. देवाच्या नैवेद्याची चोरी. वर भावावर आळ. आणि डाग तो डागच. "बरं झालं, आधी कळलं," त्या म्हणाल्या. कुणी कळवलं, याचा त्यांनी विचार केला नाही. चहाचे कप तसेच ठेवून तिघं निघाले.

मी त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेले, अण्णांनी पाठवलं म्हणून. विक्रांत गाडीपाशी थांबला, आईवडील आत बसेपर्यंत वाट पाहिली आणि मला हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एक विचारू?" मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. एवढ्या वेळात एकदाही न बोललेला माणूस. "डोळ्यांखालची काळी वर्तुळं कॉम्प्युटरवर जातात का? उन्हात फिरावं लागतं हो आम्हाला."

मी म्हटलं, जातात. अर्ध्या तासात.

परतताना स्टुडिओ आला तेव्हा अण्णा म्हणाले, "काय गोष्ट जमली होती." दुःख खरं होतं.

तिसऱ्या दिवशी बळवंतरावांचा फोन आला. अण्णांनी तो कानाला लावला आणि हळूहळू त्यांची मान ताठ झाली. झालं असं होतं, की दारात उभं राहून भावाला सांगितलेली गोष्ट भावानं पारावर सांगितली. पारावरून ती वाडीवस्तीवर गेली. टेकाळे घराणं रूप नाही, गुण बघतं, असा बोलबाला झाला. सरपंचांनी जाहीर केलं की लग्नात नवरीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलंही. आता 'जमलं नाही' असं सांगितलं तर लोक म्हणणार, डाग बघून पळाले. तेव्हा बळवंतरावांनी मोठ्या मनानं ठरवलं होतं की मुलगी पसंत आहे. फक्त गोष्ट कायम ठेवायची.

अण्णा आणि मी संध्याकाळी गरडांकडे गेलो. खिडकी उघडीच होती, कॅलेंडर जमिनीवर गुंडाळून ठेवलं होतं. अण्णांनी निरोप सांगितला. सरकारी नोकरीचा नवरा, स्वतःचं घर, डागासकट स्वीकार. असं स्थळ परत येणार नाही, हे त्यांनी सांगितलं आणि त्यात त्यांचं काही खोटं नव्हतं.

गरड यमुनाला म्हणाले, "बाई, काही बोलायचं सुद्धा नाही. नुसतं गप्प बसायचं. कुणी विचारलं तर खाली बघायचं." हे सांगताना ते स्वतःच खाली बघत होते. "मी किती दिवस पुरणार तुला?"

यमुना विळीपुढं बसली होती, भेंडी चिरत. तिनं हात थांबवला नाही.

"किती दिवस खाली बघायचं, बाबा? सत्कार एक दिवस होईल. पण सासरी रोज कुणीतरी येईल. ही ती, म्हणेल. लेकराला जावळाच्या वेळी माझ्या मांडीवर देतील, चांगलं असतं म्हणून. आणि माझी लेकरं झाली की त्यांना पण तेच सांगायचं."

"लोक विसरतात गं," अण्णा म्हणाले. "लग्न झालं की कोण विचारतंय."

"अण्णा, या डागावर एक खोटं आधीच बसलंय. मी नऊ वर्षांची असताना बसवलेलं. ते माझ्या भावानं सोसलं आणि परवा कुठं ते उठलं. आता दुसऱ्याला जागा नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी भेंडीकडे बघितलं.

"मग टेकाळ्यांना काय सांगू?" अण्णा म्हणाले. "त्यांना मुलगी पसंत आहे."

"त्यांना बाळ वाचवलेली मुलगी पसंत आहे," यमुना म्हणाली. "म्हणावं तिला शोधा. माझी तिची ओळख नाही."

आम्हाला वाटलं, आता गरड ओरडतील, किंवा रडतील. ते उठले, खुंटीवरचा खाकी शर्ट चढवला, बटणं वरपर्यंत लावली आणि बाहेर पडले. आम्ही निघालो तेव्हा ते बसस्थानकाच्या एस.टी.डी. बूथमध्ये उभे दिसले, पुण्याचा नंबर लावून. दार बंद होतं. त्यांचा आवाज मात्र आयुष्यभर गाड्या सोडलेला, तो काचेतून बाहेर येत होता. "भास्कर, मी बोलतोय. उशीर झालाय. लई उशीर झालाय, पण ऐकून घे."

पुढं टेकाळ्यांकडे काय झालं ते अण्णांकडूनच कळलं. त्यांनी गावात सांगितलं की मुलगी खोटारडी निघाली. बाळ वाचवल्याची थाप मारली तिनं, पण आम्ही चौकशी केली आणि पकडली. यामुळे टेकाळ्यांचा मान आणखी वाढला. विक्रांतचं लग्न दिवाळीनंतर झालं, मुलगी देखणी होती. फोटो आमच्याकडचा नव्हता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. आणि बाळाची गोष्ट वाया गेली नाही. अण्णांनी ती पुढच्या वर्षी हाताला भाजलेल्या एका मुलीसाठी वापरली, त्यात विहीर घातली, आणि ते लग्न जमलं. ऐकलं की सुखात आहेत.

मी एम.एस्सी.ला गेले, आता कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवते. पण स्टुडिओ सोडण्याच्या आठवड्यात यमुना एकदा परत आली. बरोबर एक उंच, अबोल माणूस होता, तिच्यासारख्याच जिवणीचा. भास्कर. तो दारातच थांबला आणि शोकेसमधल्या मुलींकडे पाहून त्यानं एकच प्रश्न विचारला, या सगळ्या बहिणी आहेत का.

यमुनाला आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरायचा होता. पहिला अर्ज परत आला होता. घाईत तिच्या बाबांनी घरातला तोच जुना फोटो चिकटवला होता, आणि अर्जात शरीरावरची ओळखीची खूण विचारली होती तिथं तिनं लिहिलं होतं, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. फोटोतल्या बाईला डाग नव्हता. कारकुनानं शेरा मारला होता की फोटो अर्जदाराचा नाही. त्या खात्याबद्दल लोक काहीही म्हणोत, त्या माणसाला दिसत होतं.

ती स्टुलावर बसली. मागं तोच बर्फ, तीच नारळं. मी म्हटलं, पडदा काढते. काउंटरवरून अण्णांनी सवयीनं विचारलं, "डाग ठेवायचा की काढायचा?"

"ठेवा अण्णा," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय सरकार मला ओळखत नाही."

भास्कर दारात हसला. मी दोन दिव्यांपैकी तिच्या उजवीकडचा बंद केला, डावीकडचा थोडा तिरपा केला, आणि तिला म्हटलं, हं, आता इकडं बघ.